दुसऱ्यांची वजनं घेणारी बाई

महिन्यातून एक दिवस आमच्या अंगणवाडीत वजनं होतात. रडक्या लेकरांसाठी काट्यात एक सोय असते. आईनं आधी एकटीनं उभं राहायचं, बटण दाबून तिचं वजन शून्य करायचं, मग लेकरू तिच्या हातात द्यायचं. काटा तेवढं लेकराचं वजन सांगतो, आईचं पोटात ठेवतो. अठरा वर्षं मी हा काटा वाचत आले. गोसे धरणाच्या आसपासच्या कितीतरी बायांची वजनं मला तोंडपाठ आहेत. स्वतः मात्र त्यावर कधी चढले नव्हते.

२०२१ चा नोव्हेंबर. धानाची कापणी जोरात होती. एका बाळाची आई बांधीत गेलेली, म्हणून आजी त्याला घेऊन आली. आजीचे गुडघे धड नव्हते, तिला काही काट्यावर चढता येईना. मग मीच बाळ मदतनीसबाईंच्या हातात दिलं आणि काट्यावर उभी राहिले. बटण दाबायच्या आधीच त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, "चौऱ्याहत्तर पॉइंट दोन." आणि वर विचारलं, "बाप्पा, ताई, काटा बिघडला का?"

काटा ठीक होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत जे उमगलं ते खाली लिहितेय. क्रम लागला तसा लावलाय.

१. आळस आणि आजार यांचं तोंड सारखंच दिसतं. दीड-दोन वर्षं मला दुपारी बारालाच झोप यायची. एप्रिलात, भंडाऱ्याच्या उन्हात, मी पंखा बंद करा म्हणायची आणि घरचे माझ्याकडे बघत राहायचे. पोट साफ होत नव्हतं, टाचा फुटल्या होत्या, कंगव्यात केसांचा गुंता निघायचा. आवाज असा जड झाला होता की बालगीत म्हणायला लागले की पोरं हसायची आणि एक पोरगा तर घाबरून दारात जाऊन बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "काहून वं बाई, सकाळी तोंड सुजलेलं असते तुहं." मी म्हणायची, झोप जास्त झाली. कासारीण आली की दोन-सहाच्या बांगड्या भरायची सवय. त्या दिवाळीला साबण लावूनही चढेनात. तिनं काही न बोलता दोन-आठचा डझन काढला. लक्षणं सगळ्यांना दिसत होती, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दवाखान्यानं वर्षभर ताकदीची बाटली दिली. मी ती इमानेइतबारे प्यायले, कारण गोड होती.

२. रिपोर्ट वाचता येतो म्हणजे समजतो असं नाही. त्या काट्यानंतर रक्त तपासलं, तर टीएसएच ३८.६ आलं. बाजूला छापलं होतं की साधारण चारच्या आत असावं. मी घरी येऊन सांगितलं, "माझं थायरॉइड फार जास्त काम करतंय, म्हणून थकते." दोन दिवस घरात माझ्याबद्दल थोडा आदर होता. मग भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी आहे, ती थायरॉइडला कामाला लावायला ते पाठवते. गळ्यातली ग्रंथी ढिली पडली की वरून हाका वाढतात. हे मला लगेच कळलं. माझी माहिती मोबाइलवर भरायची राहिली की पर्यवेक्षिकाबाईंचे फोन असेच वाढतात. फोन जितके जास्त, काम तितकं कमी झालेलं. अडतीस म्हणजे दिवसभर फोन वाजत होता आणि उचलणारं कुणी नव्हतं.

३. जे आपण लोकांना शिकवतो त्यावरच आपला पाय घसरतो. आयोडीनयुक्त मीठच वापरा, हे मी गावाला इतकी वर्षं सांगत आले. गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम १९६२ पासूनचा आहे, आणि मिठाच्या चिमटीवर तपासणीचा थेंब टाकला की ती कशी जांभळी होते, हे मी बायांना जादूसारखं दाखवलेलं आहे. म्हणजे मला थायरॉइड झालं तर आयोडीन कमी पडलं असणार, हा हिशेब मी स्वतःच केला आणि भाजीत मीठ वाढवलं. यांनी दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी करून सांगितलं की माझ्या मिठात काही खोट नाही. माझ्या शरीराचे राखणदारच घरच्या ग्रंथीला चोर समजून मारतायत. या दुखण्याला हाशिमोटो म्हणतात. १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी ते पहिल्यांदा लिहून ठेवलं. यात जास्तीचं आयोडीन उपयोगी तर नाहीच, कधी कधी उलट बाधतं. मीठ पुन्हा पहिल्यासारखं केलं. यांनी ताटाला हात जोडले.

४. गोळीपेक्षा चहा कठीण. गोळी एवढीशी, दोन रुपयांच्या आतबाहेरची. पण ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. चहासुद्धा नाही. माझा जन्म चहाच्या घरातला. पहिले दोन महिने मी गोळी घ्यायची आणि पाचव्या मिनिटाला "घोटभरानं काय होते" म्हणत बशी तोंडाला लावायची. सहा आठवड्यांनी टीएसएच अपेक्षेइतकं उतरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी सरळ खोटं बोलले. मग त्यांनी दुसरं विचारलं: लोहाची नाहीतर कॅल्शियमची गोळी चालू आहे का? होती की, दोन्ही! रक्त कमी म्हणून लोह आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियम, आणि विसरायला नको म्हणून मी तिन्ही गोळ्या एकत्र सकाळी गिळत होते. या दोघी पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत. चार तासांचं अंतर हवं. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या वाटणारी मी. कोणती गोळी कधी घ्यायची यावर भाषण करणारी मी.

आता पहाटे पाचला गोळी, सहाला चहा, लोह दुपारी जेवल्यावर, कॅल्शियम रात्री. चतुर्थीला सासूबाईंनी विचारलं, गोळीनं उपास मोडते का? मी म्हटलं, देवाला गळा असेल तर त्याला कळेल.

५. बारा किलोंपैकी थायरॉइडचे किती, हा हिशेब मला सगळ्यात जास्त झोंबला. पस्तिशीत मी बासष्टची होते, काट्यावर चढले तेव्हा चौऱ्याहत्तर. नाव कळल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला होता. म्हणजे माझी काही चूक नाही! रिपोर्टची झेरॉक्स मी पर्समध्ये ठेवायची. कुणी "ताई, तब्येत वाढली" म्हटलं की काढून दाखवायची, रेशन कार्डासारखी. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की मंद थायरॉइडच्या नावावर साधारण दोन ते पाच किलो टाकता येतात आणि त्यातही बराच भाग चरबीचा नसतो, अंगात धरून ठेवलेल्या मीठ-पाण्याचा असतो. मी मनात म्हटलं, धरणाचं बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत गेलं, थोडं माझ्या अंगातही आलं असेल.

आणि झालंही तसंच. गोळी नीट लागू झाल्यावर तीन महिन्यांत साडेतीन किलो आपोआप गेले. चेहरा उतरला, अंगठी फिरायला लागली. मी जेवणात काडीचाही बदल केला नव्हता. मला वाटलं आता हे असंच चालणार, पुढच्या दिवाळीपर्यंत लग्नातली साडी अंगावर. मग काटा थांबला. चार महिने सत्तर पॉइंट सातवर हलेना. टीएसएच २.८, अगदी कागदावर छापलेल्या हद्दीत. गोळीनं तिच्या वाट्याचं काम केलं होतं. उरलेल्या आठ-नऊ किलोंवर माझं नाव होतं.

६. माणूस एक निमित्त सोडलं की दुसरं पकडतो. थायरॉइड हातचं गेल्यावर मी धरण धरलं. माझं माहेर पवनीचं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दची, म्हणजे आमच्या गोसे धरणाची, पायाभरणी केली तेव्हा मी सातवीत होते. सासरचं जुनं गाव आता पाण्याखाली आहे. तिथं नदीवरून पाणी आणायचं, दोन किलोमीटरवरच्या बांधीत रोवणीला वाकायचं, दुपारी डबा घेऊन परत, संध्याकाळी गोठा. नव्या गावठाणात नळ दारात, चक्की समोर, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे. शेती गेली ती गेलीच. पॅकेजचे पैसे आले त्यातून दारात स्कुटी आली. घर ते अंगणवाडी पाचशे पावलं आहेत, मी स्कुटीवर जायची. तेव्हा माझ्या वजनाला धरण जबाबदार, असं मी यांना पटवून दिलं.

यात खोटं काही नाही. अंगमेहनत गेली आणि भूक तेवढीच राहिली, हे आमच्या गावठाणातल्या घराघरात झालंय. पण नुकसानीची यादी करताना लोकांनी घर, विहीर, आंब्याची झाडं लिहिली. माझी पावलं मीही लिहिली नाहीत. ती कुणाकडून भरून मागणार? स्कुटी आता मुलगी सुट्टीत आली की वापरते.

७. भाताशी माझं भांडण नाही, हे मला भातापासून आठ दिवस दूर राहिल्यावर कळलं. कुणीतरी सांगितलं भात बंद करा. या धानाच्या जिल्ह्यात भात बंद करणं म्हणजे घरातल्या घरात परकं होणं. नवव्या दिवशी मी पातेल्यातूनच खाल्ला, उभ्यानं, वरणसुद्धा न घेता. मग एक दिवस शांत डोक्यानं माझं ताट मोजलं. अंगणवाडीत आम्ही तिरंगा आहार शिकवतो: हिरवं, पांढरं, केशरी. माझं स्वतःचं ताट म्हणजे पांढरा डोंगर, त्याच्या शेंड्यावर वरणाचं तळं आणि पायथ्याशी वांग्याची एक फोड. तेही दिवसातून तीनदा, कारण सकाळचा नाश्ता म्हणजे रात्रीचा फोडणीचा भात. भाताचा भाग निम्मा केला. वरणाची वाटी आधी संपवायची. लाखोरीची भाजी, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा वैनगंगेची मासोळी. धरणानं काही दिलं असेल तर ही. ज्वारीची भाकर रात्री. तांदूळ एचएमटीच, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं आणि घड्याळाचं नाव दिलेलं ते वाण आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. आता ते घड्याळ बघूनच खाते, रात्री आठच्या आत.

थायरॉइड असेल तर कोबी, फुलकोबी खाऊ नका असंही बायांनी सांगितलं. शिजवून, माणसासारखी खाल्ली तर काही बिघडत नाही. मला ती आवडत नाही ही गोष्ट वेगळी, आणि मी वर्षभर त्या अफवेचा फायदा घेतला.

८. डब्यातली पावडर. सहा हजार रुपये. नात्यातल्याच बाईनं विकली, सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी प्यायची. त्यात सोया होतं, आणि मी ती गोळीनंतर दहा मिनिटांनी प्यायची. सोयामुळेही गोळी अंगी लागायला अडथळा होतो. पावडर संपली, अडीच किलो गेले, तीन परत आले. त्या नात्यातल्या लग्नाला मी अजून पाकीट दिलेलं नाही.

९. चालायला जागा लागत नाही, वेळ लागतो, असं सांगणारा माणूस शहरातला असावा. आमच्याकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे. पहाटेच्या अंधारात एकटी बाई चालायला निघाली तर वजन घटवायचं काम वाघच करून टाकेल. म्हणून उजाडेपर्यंत थांबायचं. त्यातून एक सोय आपसूक झाली: गोळी घेऊन चहाची वाट बघण्याचा वेळ अंगणात झाडझूड करण्यात जातो. खरं चालणं संध्याकाळी, कालव्याच्या पाळीनं. उजवा कालवा ९९ किलोमीटरचा आहे. मी पहिल्या दिवशी त्यातलं अर्धा किलोमीटर चालले आणि टेकायला दगड शोधला. गुराखी पोरगा विचारून गेला, "काकू, कोनाची वाट पाहून राहिल्या?"

आता तीन किलोमीटर होतात, कधी एकही नाही. रोवणीच्या दिवसांत, पोषण माहात, ऑनलाइन माहिती भरायच्या आठवड्यात चालणं बुडतं. पूर्वी एक दिवस बुडाला की मी महिना सोडायची. पावसाळ्यात धरणाची दारं उघडली की तेहतीस दारांचं पाणी बघायला नागपूरहून गाड्या येतात. गर्दीतून वाट काढत चालताना कुणी तरी मला सेल्फीतून बाजूला व्हायला सांगतं. मी होते. बाजूला व्हायला आता वेळ कमी लागतो.

१०. वर्षानुवर्षं मी आयांना एकच सांगते: एका महिन्याचा ठिपका बघून रडू नका, रेष कुठं चाललीय ते बघा. लेकराला जुलाब झाले, ठिपका खाली गेला. पुढच्या महिन्यात सावरला, चालेल. दोन-तीन महिने रेष आडवी राहिली तर मात्र काळजी. आणि मी? काट्याशी एकदा ओळख झाल्यावर रोज सकाळी उठून त्यावर चढायची. दोनशे ग्रॅम वाढले की दिवस वाईट, मदतनीसबाई बोलायला घाबरायच्या. एका वजनाच्या दिवशी एका आईला मी हेच ठिपक्याचं पुराण सांगत होते आणि मधेच थांबले. हसू आलं. त्या रात्री मुलांच्या वाढीचा एक कोरा तक्ता काढला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात शेहेचाळीस वर्षे. तक्ता पाच वर्षांनाच संपतो, म्हणून मागच्या बाजूला रेघा मारल्या. महिन्याला एक ठिपका. आज रेष सहासष्ट पॉइंट चारवर आहे. दोन जागी आडवी आहे, एका जागी वर चढलीय, ती दिवाळी आणि भाच्याचं लग्न. आमच्या सगळ्या तक्त्यांमध्ये खाली जाणारी रेष बघून मला बरं वाटतं असा हा एकच.

११. माझी मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. तिनं एकदा फोनवर सांगितलं की १८९१ साली इंग्लंडात डॉ. मरे यांनी अशाच एका बाईवर पहिला उपचार केला, मेंढ्याच्या थायरॉइडचा अर्क टोचून. ती बाईही शेहेचाळीसच वर्षांची होती आणि पुढं २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला आठशे सत्तरहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणे. मी हिशेब केला. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत एवढ्या मेंढ्या नाहीत. त्यानंतर गोळी घ्यायचा कंटाळा आला की मला तो कळप दिसतो.

१२. आपलं दुखणं आपल्याला भेटलं की ते सगळ्यांच्या गळ्यात दिसायला लागतं. देशातल्या आठ शहरांत झालेल्या एका पाहणीचे आकडे २०१३ मध्ये आले होते. शंभरातल्या जवळपास अकरा मोठ्या माणसांचं थायरॉइड मंद निघालं होतं, आणि समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या भागात जास्त. आम्ही तर समुद्रापासून कोसो दूर. मग काय, कुणी जांभई दिली की मी म्हणायची, टीएसएच करून घे. गावठाणात माझं नावच थायरॉइडताई पडलं होतं, मला मागाहून कळलं.

गेल्या हिवाळ्यात एक लहान आई वजनाला आली. पंचवीस-सव्वीसची. लेकराला काट्यावर धरताना तिचे हात थरथरत होते. म्हणाली, "ताई, मले बी तुमच्यासारखी थंडी वाजते. जीव थकते. केस बी जाऊन राहिले." मी तिला जवळजवळ मिठीच मारली. रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली. टीएसएच अगदी व्यवस्थित. हिमोग्लोबिन ७.८.

खरं सांगते, क्षणभर मी हिरमुसले. मग लाज वाटली. हे तर माझ्या रोजच्या कामातलं, आणि मी तिच्या पापणीची आतली बाजूसुद्धा ओढून बघितली नव्हती. दवाखान्यात घेऊन गेले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. कशा घ्यायच्या ते समजावत होते तेवढ्यात तिनं विचारलं,

"चहासंगं घेतली तं चालते ना?"

मी म्हटलं, "नाही. चहानं लोह लागत नाही अंगाला. आधी-मागं तासभर चहा नाही."

तिनं जे तोंड केलं ते मला चांगलंच ओळखीचं होतं.